घरच्या पाण्याचा तांब्या

आंब्याची साल ठेचून रस काढायचा, तो तळहाताला चोळायचा आणि वाळू द्यायचा. वाळला की फारसा दिसत नाही. मग त्या हातावर चुन्याची निवळी ओतायची. खाली घमेल्यात पिवळंधमक पाणी पडतं आणि बघणाऱ्याला वाटतं, अंगातली कावीळ उतरली. हा प्रयोग मी भोर आणि वेल्ह्याच्या किती गावांत केला असेल, त्याची गणती नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावर मनाला येईल त्या दिवशी. गावातला सगळ्यात धडधाकट माणूस पुढे बोलवायचा, शक्यतो सरपंच. त्याच्या हातावरून पिवळं पाणी पडलं की म्हणायचं, "सरपंचांना कावीळ झालीय आणि त्यांनाच पत्ता नाही." लोक पोट धरून हसायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या हशाची चटक लागली होती.

पण हे मी सांगायला बसले आहे ते त्या प्रयोगासाठी नाही. माझ्या एका विद्यार्थिनीसाठी आहे. तिच्याबद्दल भोरच्या एसटी स्टँडवर एक खोटं वाक्य लावलेलं आहे. ते लागलं त्यात माझा हात आहे, आणि ते काढायला मात्र माझा हात पुरत नाही.

माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नीरेत सोडले. त्यानंतर नवस, अंगारा, उतारा यातला एखादा शब्द जरी कुणी काढला, तरी ते भरल्या ताटावरून उठायचे. तो राग माझ्यात जसाच्या तसा उतरला. मला देवाचा राग नव्हता, माणसं बावळटासारखी वागतात त्याचा होता. शाळेतली मुलं मला पाठीमागे 'मिरची बाई' म्हणायची. मला ते माहीत होतं, आणि बरंही वाटायचं.

विंझरच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून जरा आत, एक म्हातारे गृहस्थ कावीळ उतरवायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. दोन्ही तालुक्यांतून माणसं त्यांच्याकडे जायची. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी. पैसे ते घेत नसत. कुणी नारळ आणलाच तर तिथल्या तिथे फोडून वाटून टाकत. त्यांचा एकच हट्ट असायचा. येणाऱ्याने आपल्या घरी जे पाणी पितात, त्याचा भरलेला तांब्या सोबत आणायचा. त्याच पाण्यात ते चुना कालवायचे.

एका रविवारी मी पेशंटची नातेवाईक असल्यासारखी तिथे जाऊन बसले होते. ओट्यावर तांब्यांची रांग होती. तांब्याचे, स्टीलचे, एक तर चक्क प्लास्टिकचा कॅन. तात्या प्रत्येकाला विचारत, "कुठलं पानी?" कुणी म्हणे वरल्या झऱ्याचं, कुणी म्हणे टाकीचं, कुणी म्हणे ओढ्याकाठच्या हिरीचं. त्याच ओट्यावर एक आरोग्य सेवक बशीतून चहा पीत बसला होता. सरकारी पगार खाणारा माणूस, आणि बसलाय कुठे तर कावीळवाल्याच्या ओट्यावर. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी वहीत लिहिलं, 'पाणी ज्याचं त्याला आणायला लावतो. विश्वास बसावा म्हणून केलेली युक्ती.' तेवढं लिहून मी वही मिटली.

आमचं चार-पाच जणांचं मंडळ होतं. दोन शिक्षक, एक निवृत्त कंपाउंडर, एक बँकेतले गृहस्थ आणि मी. आम्ही सह्या गोळा केल्या, अर्ज केले, बैठकांना जाऊन बसलो. आमचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. कावीळ काही चुन्याच्या पाण्याने हात धुऊन उतरत नाही. भाषणात मी नेहमी एका सहकाऱ्याच्या भावाची गोष्ट सांगायची. तो रविवारमागून रविवार तात्यांकडे हात धूत राहिला आणि शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. ही गोष्ट सांगितली की सभा चिडीचूप व्हायची.

शेवटी आमच्या अर्जाची दखल घेतली गेली आणि वरून पत्र निघालं. ग्रामपंचायतींनी अशा उपचारांविरुद्ध ठराव करावेत, गावोगाव फलक लावावेत, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशा ठिकाणांशी कोणताही संबंध ठेवू नये. पत्राचा मसुदा आमच्याकडूनच मागवला होता. शेवटचं वाक्य माझं. बशीतून चहा पिणारा तो माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच मी ते लिहिलं होतं. कचेरीतल्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता.

ठरावाच्या दिवशी मी तात्यांच्याच अंगणात प्रयोग केला. सरपंचांचे हात, मग पोलीस पाटलांचे, मग माझे. तिघांचंही पाणी पिवळं. तात्या दारात टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय. पानी कुनाचंबी पिवळं व्हतं. पन मानसं हितं येत्यात त्ये..."

"माणसं फसतात म्हणून येतात," मी म्हणाले.

तात्या टोपी घालून घरात गेले. पुढच्या रविवारी ओटा रिकामा होता आणि त्याच्या पुढच्या महिन्यात भोरला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि प्रास्ताविक करणाऱ्याने मला रणरागिणी वगैरे म्हटलं. मी घरी येऊन नारळाची बर्फी केली.

आता त्या मुलीबद्दल. ती आंबवड्याकडची. भोरला एसटीने यायची. वर्गात फार हुशार म्हणावी अशी नव्हती, पण हाताने करायचं काही असलं की तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काविळीचा प्रयोग तिच्याकडे असायचा. मी करताना मध्येच हसते, ती हसायची नाही. गंभीर चेहऱ्याने मंत्र पुटपुटायची, पाणी ओतायची, लोकांचा विश्वास पुरता बसू द्यायची आणि मग शांतपणे आंब्याची साल दाखवायची. पुढे तिचं लग्न वेल्ह्याच्या पार टोकाच्या एका वाडीत झालं. गुरुपौर्णिमेला न चुकता तिचा फोन यायचा. "बाई, ओळखलं का?" हे दरवर्षीचं पहिलं वाक्य.

सत्कारानंतरच्या उन्हाळ्यात तिचा फोन अवेळीच आला. तिला सातवा महिना होता.

"बाई, माजे डोळे पिवळे झाल्यात," ती म्हणाली. "सासूबाई म्हनत्यात, घाटाखाली एकजन औषध देतो, तिकडं जाऊ."

"अजिबात जायचं नाही. तू कुणाची विद्यार्थिनी आहेस? उद्याच्या उद्या दवाखाना गाठ. पाणी उकळून पी."

"व्हय बाई. मी पन त्येच म्हनलं त्यान्ला." मग ती म्हणाली, "आमच्या वाडीत लई जनांना झालीय."

"लोकांचं सोड," मी म्हणाले. "तू तुझं बघ."

हे वाक्य मी मनात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यातला माझा आवाज मला सहन होत नाही. विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला एका वाडीत एकाच वेळी अनेकांना कावीळ झाल्याची खबर मिळते, आणि ती म्हणते लोकांचं सोड. आठवीतल्या पोराने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली. नवऱ्याने टेम्पो केला. तिथून भोरला पाठवलं, भोरहून पुण्याला. पाण्यातून पसरणारी कावीळ एरवी दहा जणांना होते आणि आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला एकदा गाठलं की तिची काही खात्री देता येत नाही. चौथ्या दिवशी ती गेली. बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं. मला तिच्या नवऱ्याने फोन केला आणि "बाई" एवढंच म्हणून तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून दिवसभर घरातली भांडी घासत बसले.

त्यानंतर वाडीत पथक गेलं. घरटी एक पिवळा माणूस निघाला. झऱ्यावरून आलेली पाण्याची नळी एका संडासाच्या शोषखड्ड्याशेजारून गेली होती आणि तिथेच चिरली होती. जवळजवळ दोन महिने माणसं गुपचूप घाटाखाली जाऊन औषध घेऊन येत होती. कुणीच कुठे बोललं नव्हतं. फलक लागल्यापासून काविळीचं औषध घेणं म्हणजे काहीतरी गुन्हा आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ती समजूत करून द्यायला आम्हीच गावोगाव हिंडलो होतो.

तो बशीतून चहा पिणारा आरोग्य सेवक आता निवृत्त झाला आहे. सारोळ्याला, पुलाच्या अलीकडे, त्याचं किराणा मालाचं छोटं दुकान आहे. मी त्याला जाब विचारायलाच गेले होते. तुमच्या खात्याला दोन महिने काही कळत नाही म्हणजे काय, असं मी दुकानाच्या पायरीवरूनच सुरू केलं. त्याने आधी मला स्टूल दिलं, गिऱ्हाइकाला साबण दिला, आणि मग म्हणाला, "बाई, आमाला कागदावर कळायच्या आदी त्या वट्यावर कळायचं."

"म्हणजे?"

"तांबे यायचे न्हवं? एकाच पान्याचे दोन तांबे लागोपाठच्या रविवारी आले, की तात्या मला सांगायचे, अमक्या झऱ्याचं बग. म्या सोमवारी जाऊन पान्यात ब्लिचिंगची पावडर टाकायचो, पानी तपासायला न्यायचो. म्हनून तर तिथं बसायचो. लई वर्सं चाललं त्ये."

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? सायब म्हनला असता, तू बुवाकडं काय करतो. आन् मग पत्रच आलं, संबंद ठिवू नका म्हनून. म्या जायाचं बंद केलं. माज्या जागी आलेल्या पोराला तर त्यो वटा म्हाईतबी न्हाई."

त्या पत्रातलं ते वाक्य कुणाचं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. त्याने चहा मागवला, तो प्यायले आणि सारोळ्याहून मिळेल त्या गाडीने परत आले. वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. आमच्या आईला विहिरीवर कुणी वरून पाणी वाढेपर्यंत घागर घेऊन थांबावं लागायचं. पाणी कुठलं, कुणाचं, कुणाच्या वाट्याचं, हे विचारायला मला तरी कुणी शिकवावं लागायला नको होतं. तात्यांच्या ओट्यावर ते सगळं माझ्यासमोर ओळीने मांडून ठेवलेलं होतं. मी त्यावर 'युक्ती' असं लिहून वही मिटली होती.

तात्यांच्या चुन्याने एकही कावीळ बरी झाली नाही, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. जी बरी झाली ती आपोआप झाली. पण त्यांना जे ठाऊक होतं ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही त्यांना ते वाक्य पुरं करू दिलं नाही. मी त्यांची माफी मागायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. सून म्हणाली, आता ओळखत नाहीत. मी उशाशी थोडा वेळ बसून निघाले.

मग मी पुन्हा अर्ज लिहिला. यावेळी उलटा. गावोगावी असे जे औषधवाले आहेत, त्यांच्याकडे कुठली माणसं येतात याची खबर घ्यायला कर्मचाऱ्यांना मोकळीक द्या, त्यांना उपचार करू देऊ नका पण त्यांच्याशी बोला. त्यावरच्या बैठकीत एक तरुण अधिकारी होत्या. हुशार, समजूतदार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याच मंडळाच्या अर्जावर हे पत्र निघालंय. आता ते मागे घेतलं तर या बाबालोकांना मोकळं रान मिळेल. आज एकाशी बोललो की उद्या तो पाटीच लावेल, सरकारमान्य म्हणून."

त्या माझ्याच भाषणातली वाक्यं मला ऐकवत होत्या. कधीकाळी मी ती इतकी घासूनपुसून तयार केली होती की त्यांना कुठे फटच राहिली नव्हती.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट निघाली. जनजागृतीसाठी नवा फलक करायचा होता. त्यावर त्या मुलीची घटना घ्यायची ठरलं. नाव नाही, गाव नाही, फक्त तालुका. मथळा तयारच होता. 'अंधश्रद्धेने घेतला गर्भवतीचा बळी.' खाली लिहिलं होतं की झाडपाल्याच्या औषधात वेळ गेल्याने तिला दवाखान्यात आणायला उशीर झाला.

"ती गेली नव्हती औषधाला," मी म्हणाले.

"वाडीतले बाकीचे गेलेच होते ना, मॅडम," कुणीतरी म्हणालं. "आणि नाव कुठे टाकतोय आपण? लोक घाबरतील, लवकर येतील. चार जीव वाचतील."

मी गप्प बसले. का बसले, ते मला नीट माहीत आहे. सहकाऱ्याच्या भावाची जी गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले, त्यात तो दारू पीत होता आणि त्याचं यकृत त्यानेच गेलं होतं, हे मी प्रत्येक वेळी गाळत असे. गोष्ट खरी करण्यापेक्षा ती टोकदार करण्याकडे माझा कल. चांगल्या कामासाठी एवढं चालतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. आता दुसऱ्यांनी तेच केलं तर त्यांना अडवायला माझ्या तोंडात जीभ कुठून येणार?

फलक लागले. दवाखान्यांत, ग्रामपंचायतींत आणि भोरच्या स्टँडवर, उपाहारगृहाच्या भिंतीला. एका पिवळ्या बाईचं चित्र, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले.

बाजारच्या दिवशी त्या मुलीची आई माझ्याकडे आली. हातात पिशवी, पिशवीत मेथीच्या जुड्या. यापूर्वी ती माझ्या घरी एकदाच आली होती, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी पाणी दिलं. ते न पिता तिने विचारलं, "बाई, स्टँडवरचा त्यो कागद माज्या पोरीचा हाय का?"

"नाव नाही त्यात," मी म्हणाले.

"नाव न्हाई. पन समद्यांना कळतंय. येष्टीत बाया माज्याकडं बगत्यात." ती दाराशीच बसली. "ती गेली न्हवती, बाई. सासू हाताला धरून वढत व्हती, तरी गेली न्हाई. मला फोनवर म्हनली, बाईंनी सांगितलंय, दवाखान्यातच जायाचं. तुमचंच ऐकलं तिनं."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"माजी पोरगी गेली त्ये गेली," ती म्हणाली. "पन अडानी व्हती म्हनून गेली, आसं का लिवलंय? दहावी झाल्याली व्हती ती. तुमी सांगा की त्यान्ला. तुमचं ऐकत्यात."

त्या दिवशी पहिल्यांदा मी रडले, तिच्यासमोर. तिने मला गप्प केलं. जाताना मेथीच्या दोन जुड्या ओट्यावर ठेवून गेली आणि मी त्या घेतल्या, याचीही मला लाज वाटते.

मी दोन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की संबंधित फलकाचा उद्देश जनजागृतीचा असून त्यात कोणत्याही व्यक्तीचा उल्लेख नाही, सबब विषय बंद करण्यात येत आहे. मंडळातले लोक म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नका, फलकाने फरक पडलाय, माणसं आता लवकर येतात. पडलाही असेल. ते खोटं नसेल, आणि तीच माझी पंचाईत आहे.

परवा मी भाजी घेऊन येत होते तर स्टँडच्या अलीकडच्या थांब्यावर आंबवड्याची गाडी थांबली आणि त्या मुलीची आई उतरली. डोक्यावर मोठी पाटी होती. तिथून बाजार चांगला लांब पडतो, स्टँडवरून अगदी जवळ. मी तिला म्हटलं, इथं कशाला उतरलात, एवढं ओझं घेऊन? ती म्हणाली, "आता हितंच उतरते, बाई. तेवढंच पाय मोकळं होत्यात." मी पाटीला हात लावला, तर नको म्हणाली आणि पुढे चालू लागली.